क्वार्टरबॅक: नवा घ्यावा की वापरलेला? दोन्ही दुकानांचं परीक्षण

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, मिळायची दुकानं दोनच. मार्चच्या मध्याला फ्री एजन्सीचं, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंच्या बाजाराचं, शटर वर जातं, तिथे अनुभवी, म्हणजे वापरलेले. एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड, होतो, तिथे कॉलेजमधून आलेले, कोरे. ट्रेड, म्हणजे टीमांमधली अदलाबदल, हे पहिल्या दुकानाचं मागचं दार समजा. माणसांना असं वस्तूसारखं तोलणं कानाला बरं वाटत नाही, पण करारांची भाषा तीच आहे आणि टीमची फसगतही त्याच भाषेत होते.

दरवर्षी वाद रंगतो तो किमतीवर: कोरा स्वस्त, वापरलेला महाग. एवढं तर कुणीही सांगेल. या परीक्षणात कसोटी दुसरी लावली आहे. घेतलेला माणूस जमला नाही तर तो परत करताना किती कापून घेतात? दोन्ही दुकानांत हा आकडा बारीक अक्षरात असतो, आणि जनरल मॅनेजरची नोकरी जाते ती बहुतेक त्याच अक्षरांमुळे.

ड्राफ्टचं दुकान

आधी किमतीचा इतिहास, कारण त्याशिवाय आजचा बाजार कळत नाही. २०१० मध्ये सेंट लुईस रॅम्सनी सॅम ब्रॅडफर्डला पहिल्या पिकवर, म्हणजे ड्राफ्टमधल्या पहिल्या निवडीवर, घेतलं तेव्हाचा करार ६ वर्षांचा, ७ कोटी ८० लाख डॉलरचा होता आणि त्यातले ५ कोटी गॅरंटीड. एनएफएलमध्ये एकही पास न टाकलेल्या पोराला! पुढच्याच वर्षी मालक आणि खेळाडू संघटनेत नवा करार झाला आणि रुकींचे, म्हणजे नवख्यांचे, पगार पिकच्या क्रमांकाला बांधले गेले. त्या वर्षी पहिल्या पिकवर कॅरोलायनाला गेलेल्या कॅम न्यूटनचा करार ४ वर्षांचा, २ कोटी २० लाखांचा. एका वर्षात भाव असा कोसळला.

त्याच साच्यातला अलीकडचा हिशेब बघा. २०२४ मध्ये शिकागोने केलेब विल्यम्सला पहिल्या पिकवर घेतलं. चार वर्षांचे मिळून साधारण ३ कोटी ९५ लाख. पहिल्या वर्षी कॅपवर, म्हणजे टीमच्या एकूण पगाराच्या मर्यादेवर, बसतात ७२ लाखांच्या आसपास, आणि दरवर्षी पहिल्या वर्षाच्या चतुर्थांशाने रक्कम वाढते. त्या वर्षी प्रत्येक टीमची सॅलरी कॅप होती २५ कोटी ५४ लाख, म्हणजे सगळ्यांत महत्त्वाच्या जागेवर तीन टक्क्यांहून कमी खर्च. त्याच वर्षी डॅक प्रेस्कॉटने डॅलसशी जो करार केला त्याची सरासरी वर्षाला ६ कोटी. मधल्या फरकात चांगला पास रशर (समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा), डावा टॅकल (अशा रशरला अडवणारा) आणि वर एक कॉर्नरबॅक (पास झेलणाऱ्याला राखणारा) येतो. रुकी क्वार्टरबॅकचं खरं उत्पन्न हे आहे. त्याने टाकलेल्या टचडाउनइतकंच मोल त्याच्यामुळे परवडलेल्या बाकीच्यांचं.

पहिल्या फेरीत घेतलेल्याला वर पाचव्या वर्षाचा पर्याय मिळतो. तिसऱ्या हंगामानंतर मेच्या सुरुवातीला टीमने हो-नाही सांगायचं. २०२० च्या करारापासून हो म्हटल्या क्षणी ती रक्कम पूर्ण गॅरंटीड होते. दुसऱ्या फेरीपासून पुढे हा पर्याय नाही. बॉल्टिमोरने २०१८ मध्ये लमार जॅक्सनसाठी पिकांची अदलाबदल करून ३२वं, म्हणजे पहिल्या फेरीतलं शेवटचं पिक मिळवलं. ३२ आणि ३३ या पिकांमध्ये खेळाडू बदलत नाही, पण ते पाचवं वर्ष बदलतं.

आता परत करायची किंमत. पगाराच्या बाजूने ती किरकोळ आहे. मार बसतो तो पिकांचा, आणि दिलेली पिकं कुणी परत देत नाही. सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये बाराव्या पिकवरून तिसऱ्यावर उडी मारली, त्यासाठी २०२२ आणि २०२३ ची पहिल्या फेरीची पिकं आणि एक तिसऱ्या फेरीचं पिक मायामीला दिलं. जिमी जॉन्सनने डॅलसमध्ये चालू केलेला पिकांचा जुना तक्ता उघडला तर बारावं पिक १२०० गुणांचं, तिसरं २२००. म्हणजे हजार गुणांसाठी दोन पुढची वर्षं रिकामी. मिळाला ट्रे लान्स. कॉलेजमध्ये त्याने एकूण १७ सामने सुरुवातीपासून खेळलेले आणि साथीमुळे शेवटच्या वर्षी फक्त एक. २०१९ मध्ये २८ टचडाउन पास आणि एकही इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेला पास) नाही, हे खरं. पण नमुना केवढासा! त्यात २०२२ च्या दुसऱ्याच सामन्यात घोटा मोडला. सॅन फ्रान्सिस्कोसाठी ४ सामने सुरू करून ऑगस्ट २०२३ मध्ये तो डॅलसला गेला, बदल्यात चौथ्या फेरीचं एक पिक.

आणि त्या टीमला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेलं कुणी? २०२२ च्या ड्राफ्टमधल्या २६२व्या, अगदी शेवटच्या पिकने. ब्रॉक पर्डी आयोवा स्टेटला चार वर्षं खेळलेला. २०२३ मध्ये त्याचा पगार ८ लाख ७० हजार डॉलर होता. यावरून कुणी 'शेवटच्या फेरीत घ्या' असा धडा काढू नये, तो निव्वळ योग आहे. पण सुरू केलेल्या सामन्यांची संख्या ही ड्राफ्टच्या दुकानातली सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित तपासणी आहे, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

दुसरी तपासणी टेपवर बसून करायची. कॉलेजच्या पासमधून स्क्रीन (अगदी जवळचे छोटे पास) काढा, आरपीओ (धाव की पास हे ऐनवेळी ठरणारे डाव) काढा, आणि स्नॅपआधीच, म्हणजे चेंडू खेळात येण्याआधीच, ठरवून पहिल्या रिसीव्हरकडे (पास झेलणाऱ्याकडे) टाकलेले काढा. उरतील ते थ्रो एनएफएलच्या कामाचे. काही नावाजलेल्या पोरांची टेप या गाळणीतून गेली की आठवड्याला दहा-बारा थ्रोच उरतात. मग बघायचं, दबाव आला तेव्हा किती वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू हातात असतानाच पाडला गेला. सॅकचा दोष लोक लाइनवर, म्हणजे त्याला वाचवणाऱ्या पाच जणांवर, टाकतात, पण चेंडू हातात धरून उभं राहायची सवय क्वार्टरबॅकचीच असते, आणि ती त्याच्याबरोबर वरच्या पातळीवर येते.

एक चूक इतकी नेहमीची आहे की ती जवळून बघण्यासारखी आहे. खेळ सुरू होण्याआधी क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधला कोचचा आवाज प्ले क्लॉकवर (डाव सुरू करायच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की बंद होतो. पुढचं सगळं एकट्याने: 'माइक' (बचावातला मधला खेळाडू) कोण ते बोट दाखवून सांगायचं म्हणजे लाइन कुणाला अडवायचं ते ठरवते, संरक्षण डावीकडे की उजवीकडे सरकवायचं ते ओरडायचं, आणि स्नॅपनंतर अडीच-पावणेतीन सेकंदांत चेंडू सोडायचा. नवा पोरगा घाबरला की मागे मागे सरकतो. टॅकल त्याच्या बाजूच्या पास रशरला अडवतो ते क्वार्टरबॅक सात ते नऊ यार्ड मागे उभा आहे हे धरून. हा अकरा यार्डांवर गेला की रशरला वळणच घ्यावं लागत नाही. तो सरळ रेषेत येऊन आदळतो आणि टीव्हीवर टॅकल हरलेला दिसतो. हीच चूक पुढे पाऊल टाकून खिशात, म्हणजे लाइनने राखलेल्या जागेत, चढायला शिकवली की सुटते, पण शिकायला वेळ लागतो, आणि मार खात असताना कुणी शिकत नाही.

म्हणूनच या खोक्यात काय येत नाही ते ठळक लिहायला हवं: लाइन येत नाही. २००२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स ही नवी टीम मैदानात उतरली. पहिलं पिक डेव्हिड कार. त्याला सांभाळायला विस्तार ड्राफ्टमधून (नव्या टीमसाठी इतर टीमांच्या खेळाडूंमधून होणारी निवड) टोनी बोसेली हा नामांकित डावा टॅकल उचलला होता, पण खांद्यामुळे तो टेक्सन्ससाठी एकही सामना खेळला नाही. कारला त्या हंगामात ७६ सॅक झाले. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही, आणि कुणाला मोडायची हौसही नसेल. २०२३ मध्ये कॅरोलायनाने ब्राइस यंगसाठी शिकागोला दोन पहिल्या फेरीची पिकं, दोन दुसऱ्या फेरीची आणि डी. जे. मूर हा आपला सगळ्यांत चांगला रिसीव्हर दिला. म्हणजे पोराला आणण्यासाठी त्याने ज्याच्याकडे चेंडू टाकायचा तोच माणूस विकला. ६२ सॅक, २ विजय, १५ पराभव, आणि कोच फ्रँक राइकची ११ सामन्यांनंतर हकालपट्टी. शिकागोला दिलेलं पुढच्या वर्षीचं पिक पहिलं निघालं आणि त्यावरच केलेब विल्यम्स आला.

ड्राफ्टला पाचपैकी चार गुण, पण लाइनचे पाचपैकी तीन जण आधीच ठरलेले असतील तर. नसतील तर दोन.

वापरलेल्यांचं दुकान

इथे बारीक अक्षरं जास्त. आधी साइनिंग बोनसचं गणित. बोनस खेळाडूच्या हातात लगेच पडतो, पण कॅपवर तो जास्तीत जास्त पाच वर्षांत वाटून बसतो. ५ कोटींचा बोनस, पाच वर्षांचा करार: दरवर्षी १ कोटी. दोन हंगामांनंतर माणूस काढला तर उरलेले ३ कोटी एकदम त्याच वर्षाच्या कॅपवर येतात. हा 'डेड मनी': माणूस घरी, पैसे कॅपवर. १ जूननंतरची नोंद केली तर १ कोटी या वर्षी आणि २ कोटी पुढच्या वर्षी एवढीच सोय. करार पाच वर्षांहून छोटा असला तर शेवटी खोटी, आपोआप रद्द होणारी वर्षं जोडून हप्ते लांबवतात. कर्ज तेच, फक्त तारीख पुढची.

डेन्व्हरने २०२२ मध्ये रसेल विल्सनसाठी सिएटलला दोन पहिल्या फेरीची आणि दोन दुसऱ्या फेरीची पिकं दिली, शिवाय तीन खेळाडू. इथवर ठीक म्हणू. त्याच्या जुन्या करारात दोन वर्षं शिल्लक होती. तरी नव्या टीमसाठी त्याने अधिकृत सामन्यात एकही पास टाकायच्या आधी, सप्टेंबरच्या तोंडावर, २४ कोटी ५० लाखांची पाच वर्षांची मुदतवाढ दिली. हंगामात ५ विजय, १२ पराभव. दुसऱ्या वर्षी शेवटच्या दोन सामन्यांत त्याला बसवलं, कारण मार्च २०२४ मध्ये त्याची २०२५ ची रक्कमही गॅरंटीड होणार होती आणि तो जखमी झाला असता तर काढता आला नसता. काढला तेव्हा डेड मनी ८ कोटी ५० लाख: ५ कोटी ३० लाख २०२४ वर, ३ कोटी २० लाख २०२५ वर.

वर एक गंमत. डेन्व्हर त्याला २०२४ साठी ३ कोटी ९० लाख देणं लागत होतं, पण नव्या टीमचा पगार त्यातून वजा होणार होता. मग विल्सनने पिट्सबर्गशी किमान पगारावर, १२ लाख १० हजारांवर सही केली. त्याला काय, मिळणारी रक्कम तीच. पिट्सबर्गला क्वार्टरबॅक जवळजवळ फुकट, बिल डेन्व्हरच्या नावावर. वापरलेल्याच्या बाजारात सगळ्यांत चांगला सौदा असा दुसऱ्याने टाकून दिलेल्याचा असतो. त्याच वर्षी डेन्व्हरने बाराव्या पिकवर बो निक्स घेतला आणि एवढा डेड मनी डोक्यावर असूनही प्लेऑफ गाठली. रुकीचा पगार कमी नसता तर ते जमलंच नसतं.

तब्येतीची तपासणी हा या दुकानातला खरा जुगार. २००६ मध्ये मायामीसमोर दोन जखमी क्वार्टरबॅक होते: खांद्याची शस्त्रक्रिया झालेला ड्रू ब्रीस आणि गुडघ्याची झालेला डॉन्टे कलपेपर. डॉक्टरांना खांद्याची धास्ती वाटली. मायामीने मिनेसोटाला दुसऱ्या फेरीचं पिक देऊन कलपेपर आणला. तो तिथे चार सामने खेळला. ब्रीस न्यू ऑर्लिन्सला गेला आणि २००९ चा हंगाम सुपर बोल जिंकून संपवला. निवाडा दिसतो तेवढा सोपा नव्हता, खांदा खरोखरच वाईट होता. पण क्वार्टरबॅकच्या बाबतीत पाय हातापेक्षा कमी महत्त्वाचे, हा समज चुकीचा आहे. थ्रोची ताकद मागच्या पायातून कमरेत आणि कमरेतून खांद्यात येते. टाच उचलून ढकलता येत नसेल तर चेंडू मैदानाच्या लांबच्या कडेला पोचताना तरंगतो, आणि तरंगणारा चेंडू कॉर्नरबॅकचा.

मग जमतं कुणाला? २०१२ मध्ये डेन्व्हरने मानेच्या शस्त्रक्रियेमुळे आख्खा हंगाम बसलेल्या पेटन मॅनिंगला ५ वर्षांसाठी ९ कोटी ६० लाखांवर आणलं. २०१३ मध्ये ५५ टचडाउन पास, ५४७७ यार्ड, आणि २०१५ च्या हंगामाअखेर सुपर बोल. तोवर त्याच्या हातात काही उरलं नव्हतं, जिंकला तो बचाव. टँपा बेने २०२० मध्ये ४२ वर्षांच्या टॉम ब्रेडीला २ वर्षांसाठी ५ कोटी दिले आणि पहिल्याच हंगामात जिंकले. रॅम्सनी जॅरेड गॉफ, दोन पहिल्या फेरीची पिकं आणि एक तिसऱ्या फेरीचं देऊन मॅथ्यू स्टॅफर्ड आणला आणि त्याच वर्षी जिंकले. गॉफच्या जुन्या कराराचे २ कोटींहून जास्त डेड मनी म्हणून सोसून. तिन्हीकडे टीम आधीच तयार होती. टँपाने आदल्या वर्षी ३० इंटरसेप्शन सोसूनही ७ सामने जिंकले होते. तिथे फक्त चेंडू न हरवणारा माणूस हवा होता.

तयार टीम आणि दोन वर्षांचा करार असेल तर साडेचार. चार वर्षांची गॅरंटी असेल तर दीड.

दोन्ही एकदम घेतले तर

हा पर्याय कुणाला फारसा आवडत नाही, कारण कागदावर तो उधळपट्टी दिसतो. पण बारकाईने केला तर सगळ्यांत उत्तम निघतो. कॅन्सस सिटीने २०१७ मध्ये सत्ताविसाव्या पिकवरून दहाव्यावर चढून पॅट्रिक महोम्स घेतला. बफेलोला तिसऱ्या फेरीचं पिक आणि पुढच्या वर्षीचं पहिल्या फेरीचं दिलं. ॲलेक्स स्मिथ तेव्हा टीममध्ये होताच आणि त्याने त्या वर्षी लीगमधला सर्वोत्तम पासर रेटिंग मिळवला. महोम्सला सुरुवातीपासून खेळायला मिळाला तो हंगामातला शेवटचा एक सामना. मग स्मिथ वॉशिंग्टनला गेला, बदल्यात कॉर्नरबॅक केंडल फुलर आणि तिसऱ्या फेरीचं पिक आलं. जुना परत करताना वर पैसे मिळाले!

फिलाडेल्फियाने २०१६ मध्ये याहून भारी केलं. ब्रॅडफर्डशी मार्चमध्ये करार, एप्रिलमध्ये दुसऱ्या पिकवर कार्सन वेंट्झ. ऑगस्टअखेर मिनेसोटाच्या टेडी ब्रिजवॉटरचा गुडघा सरावात गेला आणि हंगामाच्या तोंडावर ब्रॅडफर्ड पहिल्या फेरीच्या पिकावर विकला गेला. त्या पिकवर आलेल्या डेरेक बार्नेटने पुढे सुपर बोलमध्ये टॉम ब्रेडीच्या हातून सुटलेला चेंडू उचलला.

आता बिघडलेला प्रयोग. अटलांटाने मार्च २०२४ मध्ये पायाचा अकिलीस स्नायुबंध तुटून साडेचार महिने झालेल्या कर्क कझिन्सला ४ वर्षांसाठी १८ कोटी दिले, त्यातले १० कोटी गॅरंटीड. आणि एप्रिलमध्ये आठव्या पिकवर मायकल पेनिक्स घेतला. कझिन्स १४ सामने खेळला, १८ टचडाउन, १६ इंटरसेप्शन, डिसेंबरमध्ये बाकावर. चूक दोघे घेण्यात नव्हती, जुन्याच्या मुदतीत होती. ज्याने एक वर्ष जागा धरून ठेवायची त्याला चार वर्षांचं भाडं दिलं. तिकडे मिनेसोटाने त्याच मार्चमध्ये सॅम डार्नोल्डला १ वर्षासाठी १ कोटी दिले आणि दहाव्या पिकवर जे. जे. मॅकार्थी घेतला. मॅकार्थीचा गुडघा पूर्वतयारीच्या सामन्यात गेला, डार्नोल्डने १४ सामने जिंकून दिले, आणि हंगामानंतर टीम त्याला बांधलेली नव्हती. तो सिएटलला ३ वर्षांच्या १० कोटी ५ लाखांवर गेला.

एक व्यावहारिक अडचण मात्र लपवू नये. हंगाम सुरू झाला की सरावात पहिल्या फळीबरोबरचे जवळजवळ सगळे स्नॅप एकाच क्वार्टरबॅकला मिळतात. बाकावरचा रुकी आपल्याच बचावासमोर प्रतिस्पर्ध्यांचे डाव कार्डावरून वाचून खेळतो. त्यात त्याचा स्वतःचा ऑफेन्स पक्का होत नाही. म्हणून रुकीला बसवणार असाल तर सरावानंतरची वेगळी वीस-पंचवीस मिनिटं आणि एक कोच त्याच्यासाठी आधीच नेमायला हवा. नुसतं बसवलं की शिकतो, हा भ्रम आहे.

एकच माणूस, दोन्ही दुकानांत

ड्राफ्टमधून घेतलेला कोरा चौथ्या वर्षी आपल्याच घरात वापरलेला होतो, आणि तेव्हा त्याला दुसऱ्या दुकानाच्या नियमांनी तोलावं लागतं. न्यूयॉर्क जायंट्सनी २०१९ मध्ये सहाव्या पिकवर डॅनियल जोन्स घेतला. मे २०२२ मध्ये पाचव्या वर्षाचा पर्याय नाकारला. तो वापरला असता तर २ कोटी २० लाखांच्या आसपास एका वर्षाला पडला असता. त्या हंगामात जोन्सने १५ टचडाउन, ५ इंटरसेप्शन, ७०८ यार्ड धावून आणि मिनेसोटात एक प्लेऑफ विजय असं दाखवलं. मार्च २०२३ मध्ये ४ वर्षांचे १६ कोटी. त्याच वर्षी आधी मान, मग गुडघ्याचा स्नायुबंध. नोव्हेंबर २०२४ मध्ये जायंट्सनी त्याला मोकळं केलं, आणि पुढच्या मार्चमध्ये इंडियानापोलिसने तोच माणूस १ वर्षासाठी, १ कोटी ४० लाखांत उचलला.